बुटांचा खण

"अक्का, ह्यात तुमी नाहीत की," रक्षिता म्हणाली.

सोयराबाईंच्या हातात तारखेचा शिक्का होता. तो शाईच्या डबीवर टेकवून त्यांनी समोरच्या पुस्तकावर उमटवला आणि मग पाहिलं, तर तारीख उलटी पडली होती. ग्रंथालयात एकोणतीस वर्षं काढली, पण उलटा शिक्का त्यांच्या हातून पडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सकाळचे साडेदहा झाले होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मागची खिडकी उघडी होती आणि बाहेरच्या पर्जन्यवृक्षाची बारीक पानं नेहमीप्रमाणे टेबलावर येऊन पडत होती. रक्षिता मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती टायपिंग चांगलं करते म्हणून संघाचा वार्षिक अहवाल सोयराबाई तिच्याकडून करून घेत. आता टाईप झालेलं ती मोठ्यानं वाचून दाखवत होती. खेळाडू बावीस. निकाल, सगळ्या पास. कर्मचारी, दोन. "दोन म्हंजे कोच भाग्यलक्ष्मी मॅडम आन् फिजिओ अनुसूया मॅडम. मग तुमी कोन?"

"मी लायब्ररीतली. तुला म्हायती नाही?"

"म्हायती आहे की. पन आमच्यासंगं मंगळूरला कोन येतं? हॉस्टेलच्या वॉर्डनशी भांडतं कोन? लायब्ररी?"

"पुढं वाच," सोयराबाई म्हणाल्या आणि उलट्या तारखेवर काट मारली. पण पुढचं त्यांना ऐकू येईना. कालच क्रीडा संचालक मल्हार येऊन सांगून गेला होता, आणि रात्रभर त्या त्याच्या शब्दांशी जुळवून घेत बसल्या होत्या. मल्हार पुण्याचा, इथल्या, बंगळूरच्या इंदिरानगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून इथं आलेला, पस्तिशीचा आणि मनानं चांगला. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट हिरव्या, पिवळ्या नाहीतर लाल चौकोनात बसते असा त्याचा विश्वास होता. तो म्हणाला होता, "मॅडम, ॲक्च्युअली नवीन रूल असा आहे की मिनिमम तीन फुलटाइम माणसं पाहिजेत. तरच त्याला प्रोग्रॅम म्हणायचं. दोन असतील तर तो क्लब." क्लब म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तर तो जरा ओशाळून म्हणाला, "क्लब म्हणजे हौस, मॅडम. संडेला खेळायचं." म्हणजे भाग्यलक्ष्मीचं कंत्राट पुढं चालायचं नाही, बाहेरगावच्या आठ मुलींच्या वसतिगृहाच्या खोल्या जाणार आणि रोजची साडेचारची प्रॅक्टिस बंद. नवीन माणूस यंदा कुणालाच मिळणार नव्हता. समिती आज तीन वाजता बसायची होती. मुलींना हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. रक्षिता आपली खुशाल सगळ्या पास, सगळ्या पास म्हणत बसली होती. आणि सोयराबाई काल रात्रीपासून दोनाचे तीन कसे होतील याचा विचार करकरून थकल्या होत्या, तरी त्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. या पोरीनं ते सहज, पेनाचं टोपण चावत चावत विचारलं.

आकडा चुकणं शक्य नव्हतं, कारण तो खणातून आला होता. त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूचा तो लांबट लाकडी खण पूर्वी पुस्तकांच्या सूचीचा होता. संगणक आल्यावर तो रिकामा झाला आणि अकरा वर्षांपूर्वी त्यात बूट आले. बूट म्हणजे बुटांची कार्डं. बूट मागच्या लोखंडी कपाटात असत. एका जोडाला एक कार्ड, त्यावर नंबर, घेणारीचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. हे सगळं सुरू झालं ते काही खेळाच्या प्रेमातून नाही, हे सोयराबाईंनी कधी लपवलं नव्हतं. ते सुरू झालं चिखलापायी. तेव्हा संघातल्या मुली सकाळच्या सरावानंतर वाचनकक्षात येऊन डोकं टेबलावर टाकून झोपत, केस ओले, टेबलाखाली चिखलानं भरलेले बूट. तेव्हाचे ग्रंथपाल दंड करा म्हणाले. सोयराबाईंना दंडाची पावती फाडण्याचा भारी कंटाळा. त्यांनी बूट उचलले, कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि मुलींना चिठ्ठ्या दिल्या. "संध्याकाळी या. मोकळ्या हातानं येऊ नका, दिवसभरात काय लिवलं ते दाखवा." हे त्या उगीच म्हणाल्या होत्या, रागाच्या भरात. पण मुली खरोखरच वह्या घेऊन आल्या. त्या वर्षी अठरा मुलींपैकी नऊ जणींचे विषय राहिलेले होते आणि कुणाची हजेरी कमी, कुणाची परीक्षेची फी भरायची राहिलेली. हळूहळू तो नियमच झाला, आणि संघाचे सगळे बूट त्याच कपाटातून मिळू लागले. वही दाखवल्याशिवाय बूट नाहीत. सोयराबाईंना कॉस्ट अकाउंटिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर खरं की घाईघाईनं खरडलेलं, हे कळत होतं. तेवढं पुरलं. तिसऱ्या वर्षी राहिलेले विषय दोनावर आले, पाचव्या वर्षी एकही नाही. मुलांच्या संघाच्या नुसत्या बसच्या डिझेलला जेवढा खर्च होई तेवढ्यात मुलींचं अख्खं वर्ष भागत होतं, आणि तरीही पास होण्यात मुली पुढं. हे सांगताना त्यांना आनंद व्हायचा, आणि तो आनंद अगदीच निर्मळ नव्हता. मुलांच्या संघाच्या मॅनेजरचा चेहराही त्यात असायचा.

तर मोजदाद या खणावरून व्हायची. खेळाडू किती, तर कार्डं मोजा. कोच आणि फिजिओ मैदानावर उतरत म्हणून त्यांचीही कार्डं होती, ती हिरव्या रंगाची. विमा, टी-शर्ट, बसच्या जागा, प्रवासातलं जेवण, सगळे आकडे या खणातून निघत. आणि सोयराबाईंचं कार्ड नव्हतं, कारण त्या बूट घालत नसत. मैदानाच्या कडेला त्या चपला घालूनच उभ्या राहत. आता त्यांना एकेक आठवायला लागलं. मंगळूरला जाताना बसमध्ये दर वेळी एक जागा कमी पडायची आणि त्या ड्रायव्हरशेजारी उबदार बॉनेटवर चादर घालून बसायच्या. हसन गावी कॅण्टीनवाल्यानं ताटलीएवढ्या तट्टे इडलीची एक प्लेट कमी दिली तेव्हा त्यांनीच त्या बिचाऱ्याला काय काय सुनावलं होतं. तुमकूरला टी-शर्ट एक कमी आला. दर वेळी त्या म्हणायच्या, "राहू दे, मला नको," आणि दर वेळी चूक दुसऱ्याची असायची. अकरा वर्षं एक माणूस कमी पडत होतं आणि ते माणूस कोण, हे त्यांना आज कळलं. त्यांना हसू आलं.

"काय झालं अक्का?"

"काही नाही. तू क्लासला जा. हजेरी चुकली तर बूट मिळायचे नाहीत."

ती गेल्यावर त्यांनी मल्हारला फोन केला. तो आधी समजलाच नाही. मग म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही तर लायब्ररी स्टाफ आहात ना?" त्या म्हणाल्या, पगार लायब्ररीचा, काम तुमचं, अकरा वर्षं. पलीकडे टकटक ऐकू आली. तो चौकोन शोधत असावा. "होऊ शकतं. एकदम होऊ शकतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर उजळला. मग तो जरा थांबला. "फक्त एक आहे. फुलटाइम म्हणजे ट्रान्सफर. तुम्हाला लायब्ररीची पोस्ट सोडावी लागेल, आणि परत येता येणार नाही. पगार, पेन्शन तेच राहील. पण आमच्याकडे दर वर्षी रिव्ह्यू असतो. तुमचंही नाव त्यात येणार. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं की ह्या मॅडम नकोत, तर मी काही प्रॉमिस नाही करू शकत. मॅडम, विचार करून सांगा. दोनपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

विचार करायला त्या मैदानावर गेल्या. दुपारचं ऊन होतं, पण बंगळूरचं, म्हणजे अंगाला न चावणारं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला सावली होती, तिथं त्या बसल्या. खाली भाग्यलक्ष्मी एकटीच चुन्याच्या रेघा ओढत होती. कोचनं रेघा ओढू नयेत, त्यासाठी माणूस असतो, पण माणूस मुलांच्या मैदानावर होता. तिनं वर पाहून हात केला आणि कन्नडमध्ये ओरडून विचारलं, जेवण झालं का. सोयराबाईंनी झालं म्हणून हात हलवला. झालं नव्हतं. भाग्यलक्ष्मीला माहीत होतं की आज तीन वाजता काय ठरणार आहे, आणि तरी ती रेघ सरळ यावी म्हणून पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होती.

नको म्हणायचं कारण काय होतं? खिडकी, हे एक. एकोणतीस वर्षं त्या एकाच खिडकीशी बसल्या होत्या. रोज मल्लेश्वरमच्या घरातून निघून, अलीकडे मेट्रोनं जे. पी. नगरपर्यंत येऊन, तिथून विद्यापीठाच्या बसनं इथं पोचायचं आणि त्या खिडकीशी डबा ठेवायचा. त्या खिडकीची त्यांना सवय नव्हती, माया होती. पण खिडकी हे काही खरं कारण नव्हतं. खरं कारण शोधायला त्यांना बराच वेळ लागला आणि ते सापडलं ते भलत्याच ठिकाणी, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीतल्या, अप्पांच्या दुकानात.

अप्पा, म्हणजे त्यांचे वडील जयसिंगराव, शिंपी होते. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर सोयराबाई अजूनही आपल्या नावापुढं लावत. अप्पांकडं मापांची एक जाड वही होती. त्यात अख्ख्या मल्लेश्वरमची छाती आणि कंबर होती. वकील, डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर, घरातली सगळी पोरं, वर्षावर्षाला वाढणारी. सोयराबाईंची मापं सहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत एका पानावर होती आणि नंतर, नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या तेव्हाची, त्याच पानावर खाली, वेगळ्या शाईत. अप्पा साठ वर्षांचे झाले तेव्हा भावंडांनी ठरवलं की त्यांना कोट शिवायचा, त्यांना न सांगता, दुसऱ्या शिंप्याकडून. सोयराबाई वही चोरून घेऊन गेल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. अप्पांचं माप नव्हतंच. आई म्हणाली होती, "ह्या माणसाला वाटतं ह्याच्याविना वही पुरी होते." तेव्हा सगळ्यांना ते मोठं प्रेमाचं वाटलं, की बघा, दुसऱ्यांसाठी शिवण्यात जन्म गेला. कोट अंदाजानं शिवला, तो खांद्यात घट्ट झाला आणि अप्पांनी तो हसून एकदाच घातला.

पण आता, पायऱ्यांवर बसून, सोयराबाईंना आईच्या बोलण्यातला राग ऐकू आला. तो तीस वर्षं उशिरा ऐकू आला. अप्पांना कुणी माप घेतलेलं आवडत नसे. ते सगळ्यांच्या खांद्यावर फीत टाकत आणि सगळ्यांची पोटं त्यांना ठाऊक असत. पण त्यांचं पोट किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. वहीच्या बाहेर उभा राहिलेला माणूस वहीवाल्यांपेक्षा वीतभर उंच दिसतो. आणि तो मोठेपणा आपणही अकरा वर्षं सांभाळला. बसमध्ये जागा कमी पडली तर बॉनेटवर बसायचं आणि मनात म्हणायचं, बघा, मी बसते. इडली कमी पडली तर उपाशी राहायचं आणि मुलींनी ते पाहावं अशी थोडीशी इच्छाही ठेवायची. शिवाय खणात कार्ड नसेल तर ते खणातून काढूनही टाकता येत नाही. मुलींचे निकाल दरवर्षी तपासले जात, भाग्यलक्ष्मीचं कंत्राट दरवर्षी तपासलं जाई, अनुसूयाचं कामही. फक्त सोयराबाईंना कुणी तपासत नव्हतं. ग्रंथालयाला वाटे त्या मैदानावर आहेत आणि मैदानाला वाटे त्या ग्रंथालयाच्या. मल्हारनं दरवर्षीचा रिव्ह्यू म्हटलं तेव्हा लगेच होय म्हणवलं नाही ते यामुळं. छप्पन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्यासमोर बसून विचारणार, तुम्ही नेमकं करता काय, आणि आपण सांगितलं तर ते त्यांना पुरणार नाही, ही ती भीती.

भीतीचं नाव कळलं की ती लहान होते असं म्हणतात. सोयराबाईंची झाली नाही. पण खाली रेघ ओढता ओढता भाग्यलक्ष्मीचा चुना संपला. तिनं रिकामं यंत्र आपटून आपटून शेवटची चिमूट काढली आणि गोलच्या कोपऱ्यापर्यंत रेघ आणून सोडली. त्या कोपऱ्यात रक्षिता उभी राहते. सोयराबाईंना पहिल्या वर्षाची रक्षिता आठवली, कोलारच्या मराठी घरातून आलेली, तोंडातून शब्द न फुटणारी. बूट द्यायचे होते तेव्हा नंबर विचारला, तर म्हणाली, कुठलेबी चालतील अक्का. पाच नंबरचा जोड वर होता, तो दिला. दोन महिने पोरगी त्या बुटांत खेळली. मग अनुसूयानं पायमोजा काढला तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली. तिला लागत होता सात नंबर. सोयराबाईंनी तिला एवढं झापलं होतं की वाचनकक्षातले लोक वळून बघायला लागले. मग तिला सात नंबरचे बूट मिळाले, आणि तो पाचाचा जोड कपाटात परत गेला तो तसाच राहिला, कारण नंतर पाच नंबरची मुलगी संघात आलीच नाही.

पावणेदोनला त्यांनी मल्हारला होय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ग्रेट मॅडम, थँक यू, सीरियसली." मग त्यांनी बदलीच्या कागदावर सही केली. जुने ग्रंथपाल केव्हाच निवृत्त झाले होते. नवीन बाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, खिडकीजवळचं टेबल मग कंप्युटरवाल्यांना देऊ. लगेच. निदान तासभर तरी त्यांनी थांबायला हरकत नव्हती, असं सोयराबाईंना वाटलं. वाटलं आणि बरंच वाईट वाटलं.

समितीत फार काही झालं नाही. सहा माणसं, लांब टेबल, बदामाची बिस्किटं. मुलींच्या फुटबॉलला सात मिनिटं मिळाली. एका सदस्यानं कागदावरची नावं मोजली आणि विचारलं, या तिसऱ्या बाई सोयराबाई जे., यांचं पद काय. मल्हार म्हणाला, पद ठरायचं आहे. मग तो प्रश्न आलाच, अगदी तसाच, की तुम्ही नेमकं काय करता. सोयराबाईंनी दुपारभर या प्रश्नाची उत्तरं मनात तयार केली होती, शिस्त, मार्गदर्शन, समन्वय असली. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मी बूट देते." कुणीतरी हसलं. "आणि कधी देत नाही," त्या म्हणाल्या. "वही बघते आधी." मग त्या सदस्यानं पान उलटून निकालाचा तक्ता पाहिला, सहा वर्षांचा, आणि चष्मा काढून पुन्हा पाहिला. मुलांच्या तक्त्याचं पान त्यानं आधीच पाहिलेलं होतं. तो म्हणाला, ठीक आहे, प्रोग्रॅम चालू राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, हे ऐकून सोयराबाईंना वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. बावीस मुली दरवर्षी हेच ऐकतात आणि जेवतात, झोपतात, गोल अडवतात. मल्हारनं दाराबाहेर येऊन दोन्ही अंगठे वर केले आणि घाईघाईनं हॉकीसाठी आत गेला.

त्या ग्रंथालयात आल्या तेव्हा साडेचार होत आले होते. जुन्या टेबलावर खरोखरच संगणकाचा खोका येऊन पडला होता. खण मात्र कुणीतरी काढून बुटांच्या कपाटाजवळ स्टुलावर ठेवला होता, आणि त्याच्यामागं सोयराबाईंच्या खुर्चीत रक्षिता बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. बाकीच्या मुली वह्या घेऊन रांगेत होत्या आणि खिदळत होत्या, आणि रक्षितानं हातात कोरं हिरवं कार्ड धरलं होतं.

"वही?" रक्षिता म्हणाली.

"उठ तिथनं. टाइम झाला."

"वही दाखवल्याबिगर बूट नाहीत अक्का. रूल हाय."

रांगेतून एकच हशा झाला. सोयराबाईंनी पिशवी उघडली. वही नव्हती, बदलीच्या कागदाची प्रत होती, सही केलेली. ती त्यांनी पुढं केली. रक्षितानं ती वरपासून खालपर्यंत वाचली, सोयराबाई वह्या वाचत तशी, बोट फिरवत, आणि सहीपाशी थांबली. तिथं सही थोडी हललेली होती. तिनं मान वर करून सोयराबाईंकडे पाहिलं. मग तिनं कार्डावर नाव लिहिलं.

"नंबर?"

सोयराबाईंनी कपाटाकडं पाहिलं. छप्पन्न वर्षांच्या बाईनं बूट घालून मैदानावर उभं राहायचं, हे त्यांना एकदम फारच झालं. कानशिलं तापली. "कुठलेही चालतील ग," त्या म्हणाल्या.

रक्षितानं पेन खाली ठेवलं. "तुमीच सांगितलं होतं मला. एवढं झापलं होतं की सगळी लायब्ररी बघत होती," ती म्हणाली. "आपला नंबर आपन सांगायचा अक्का. दुसरं कोन सांगनार?"

बाहेर भाग्यलक्ष्मीनं शिट्टी वाजवली. प्रॅक्टिसला उशीर होत होता आणि कुणीही जागचं हललं नाही.

"पाच," सोयराबाई म्हणाल्या.